प्रोलॉगमधली सिंटॅक्स एरर: दाखवलेली ओळ नव्हे, मागचा पूर्णविराम बघा

प्रोलॉग या तर्कावर आधारलेल्या प्रोग्रॅमिंग भाषेतली फाइल लोड करावी आणि ‘सिंटॅक्स एरर: ऑपरेटर एक्स्पेक्टेड’ असा संदेश यावा. सोबत ओळक्रमांकही असतो. त्या ओळीवर जाऊन बघावं तर तिथे सगळं ठीकठाक: कंस जुळलेले, स्वल्पविराम जागच्या जागी, नावं बरोबर. ओळ पुसून पुन्हा टाइप केली तरी तक्रार तीच. एक चूक निस्तरली की दुसऱ्या दिवशी दुसऱ्या फाइलमध्ये तोच संदेश पुन्हा हजर. भाषा अवघड आहे असं वाटून बरेच जण इथेच हात टेकतात आणि मला त्याचं खरोखर वाईट वाटतं, कारण प्रोलॉगचं व्याकरण फार छोटं आहे. अडचण एवढीच की आपण ते ओळीओळीने वाचतो आणि प्रोलॉग तसं वाचत नाही.

प्रोलॉग वाचतं ते एका पूर्णविरामापासून पुढच्या पूर्णविरामापर्यंत. मधल्या ओळी किती, त्या कुठे तोडल्या, पुढे किती जागा सोडली याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मागच्या पूर्णविरामानंतरचं सगळं उचलायचं, पुढचा पूर्णविराम येईपर्यंत थांबायचं नाही आणि मग त्या अख्ख्या मजकुराची एकच रचना, म्हणजे एकच टर्म, बनते का ते पाहायचं. बनली तर तो क्लॉज, म्हणजे प्रोलॉगचं एक पूर्ण वाक्य, म्हणून घेतला. नाही बनली तर तो अख्खा तुकडा टाकून द्यायचा आणि पुढच्या तुकड्यापासून पुन्हा सुरुवात. संदेशातला ओळक्रमांक म्हणजे वाचन जिथे अडखळलं ती जागा, किंवा त्या तुकड्याची सुरुवात. चूक तिथेच असेल असं नाही. म्हणून पहिली सवय ही लावून घ्या: दाखवलेल्या ओळीवरून वर जा, शेवटचा खरा पूर्णविराम शोधा आणि तिथून पुढचा पूर्णविराम येईपर्यंतचा मजकूर एका दमात वाचा.

उदाहरणांबद्दल आधी सांगतो. खालची सगळी नावं देवनागरीत आहेत आणि ती एसडब्ल्यूआय प्रोलॉगमध्ये (प्रोलॉग चालवणाऱ्या एका प्रणालीत, पुढे नुसतं एसडब्ल्यूआय) चालतात. रोमन लिपीत मोठ्या अक्षराने सुरू होणारं नाव व्हेरिएबल असतं आणि लहान अक्षराने सुरू होणारं ॲटम, म्हणजे स्वतःच किंमत असलेलं स्थिर नाव. देवनागरीत मोठं-लहान अक्षर नाही, म्हणून नुसतं देवनागरी नाव ॲटम धरलं जातं आणि व्हेरिएबल हवं असेल तर सुरुवातीला अंडरस्कोर द्यावा लागतो. म्हणजे क हा ॲटम, _क हे व्हेरिएबल. फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवा. आवृत्ती जुनी असेल तर फाइलच्या पहिल्याच ओळीत एन्कोडिंगचा निर्देशही द्या. बाकीचे नियम रोमन नावांना लागतात तेच.

पूर्णविराम राहिला तर

दुवा(क, ख).
दुवा(ख, ग)
दुवा(ग, घ).

दुसऱ्या ओळीच्या शेवटी पूर्णविराम नाही. प्रोलॉगच्या दृष्टीने दुसरी आणि तिसरी ओळ मिळून एकच वाक्य झालं. त्यात एक टर्म पूर्ण झाली आणि तिला खेटून दुसरी सुरू झाली, मधे जोडणारं काहीच नाही. ‘ऑपरेटर एक्स्पेक्टेड’ या संदेशाचा अर्थ नेमका हाच आहे: दोन गोष्टी शेजारी शेजारी आल्या, त्यांना जोडणारं चिन्ह सापडलं नाही. एवढा अर्थ डोक्यात पक्का बसला की या संदेशाची निम्मी भीती जाते.

खरा त्रास मात्र त्यानंतर सुरू होतो. तो तुकडा टाकून दिल्यामुळे ख ते ग आणि ग ते घ असे दोन्ही दुवे गेले. पहिला दुवा मात्र टिकला. आता क पासून घ पर्यंत पोहोचता येतं का असं विचारलं तर प्रोलॉग शांतपणे ‘फॉल्स’ म्हणतं. प्रेडिकेट (एका नावाचे सगळे क्लॉज मिळून होतं ते) अस्तित्वात आहे, फक्त त्यातली दोन फॅक्ट्स (बिनअट विधानं) कमी आहेत, त्यामुळे दुसरी एररही येत नाही. लोडच्या वेळचा संदेश वरती सरकून गेलेला असतो आणि माणूस तर्कातली चूक शोधत बसतो. म्हणून लोड झाल्यावर स्क्रीनवर काय काय आलं ते पहिल्या ओळीपासून वाचल्याशिवाय एकही प्रश्न विचारू नका. शंका आली तर ‘लिस्टिंग’ हे प्रेडिकेट चालवून प्रत्यक्षात कोणते क्लॉज आत गेले ते बघा. आपण काय लिहिलं यापेक्षा प्रोलॉगने काय घेतलं हे तिथे दिसतं.

पूर्णविरामाचा आणखी एक नियम आहे. त्याच्या मागे मोकळी जागा, नवी ओळ किंवा टिप्पणीचं टक्केचिन्ह यावं लागतं. दोन फॅक्ट्स एकाच ओळीत बिलगून लिहिली तर मधल्या टिंबाला पूर्णविराम मानलं जात नाही. फाइलच्या अगदी शेवटच्या क्लॉजचा पूर्णविराम विसरला तर ‘एंड ऑफ फाइल’ असे शब्द असलेला संदेश येतो. तो सरळ आहे, त्यावर वेळ घालवू नका.

पूर्णविरामाच्या जागी स्वल्पविराम

ही चूक सगळ्यांत जास्त फसवते, कारण पुढच्या वाक्यात काय आहे त्यावर तिचं रूप ठरतं. म्हणून जरा सावकाश बघू.

पोहोच(_प, _फ) :- दुवा(_प, _फ),
पोहोच(_प, _फ) :- दुवा(_प, _म), पोहोच(_म, _फ).

पहिली ओळ स्वल्पविरामाने संपली. आता एकाच वाक्यात :- दोनदा आलं. हे चिन्ह एका वाक्यात एकदाच येऊ शकतं, म्हणून ‘ऑपरेटर प्रायॉरिटी क्लॅश’ असा संदेश येतो. रूलच्या (:- असलेल्या, अटींवर ठरणाऱ्या क्लॉजच्या) मागोमाग रूल असेल आणि हा संदेश आला तर मधल्या स्वल्पविरामावर पहिला संशय घ्या.

आता तीच चूक दोन फॅक्ट्समध्ये:

दुवा(क, ख),
दुवा(ख, ग).

ही व्याकरणाची चूकच नाही! स्वल्पविराम हाही एक ऑपरेटर आहे, त्यामुळे दोन टर्म्स त्याने जोडल्या जाऊन एक नीट टर्म बनते. प्रोलॉग ती साठवायला जातं आणि मग लक्षात येतं की या टर्मचं मुख्य नाव ‘स्वल्पविराम’ आहे, आणि ते प्रेडिकेट तर भाषेचं स्वतःचं आहे. मग संदेश येतो: ‘नो परमिशन टु मॉडिफाय स्टॅटिक प्रोसीजर’, पुढे कंसात स्वल्पविराम आणि तिरक्या रेघेनंतर दोनचा आकडा. काही वेळा एसडब्ल्यूआय याच जागी ‘फुल स्टॉप इन क्लॉज-बॉडी?’ असा प्रश्न विचारतं. परवानगीचा उल्लेख वाचून लोक फाइलच्या परवानग्या तपासू लागतात. फाइलचा इथे काही संबंध नाही.

आणि तिसरं रूप:

सुरू :- तयारी,
दुवा(क, ख).

इथे कुठलीच एरर नाही, साधी सूचनाही नाही. दुवा(क, ख) हे स्वतंत्र फॅक्ट न राहता ‘सुरू’ या रूलचा भाग झालं. ज्याला तुम्ही माहिती समजत होता ती आता अट आहे. चूक तीच, एका जागी आरडाओरडा, दुसऱ्या जागी भलताच संदेश आणि तिसऱ्या जागी पूर्ण शांतता. प्रत्येक क्लॉजचं शेवटचं चिन्ह डोळ्यांनी तपासायचा आग्रह मी धरतो तो यासाठीच. रूलच्या शरीरातल्या ओळी आत सरकवून लिहिल्या आणि प्रत्येक नवा क्लॉज पहिल्या स्तंभापासून सुरू केला, तर पहिल्या स्तंभातल्या शब्दाच्या वरच्या ओळीचा शेवट पाहणं एवढंच काम उरतं.

उलट चूकही होते, रूलच्या मधेच पूर्णविराम पडतो:

पोहोच(_प, _फ) :- दुवा(_प, _म).
    पोहोच(_म, _फ).

व्याकरण दोन्ही वाक्यांचं निर्दोष. पण दुसरं वाक्य आता अट न राहता फॅक्ट झालं आणि त्याचा अर्थ ‘कुठूनही कुठेही पोहोचता येतं’ असा होतो. जो प्रश्न विचाराल त्याला होकार. सुटकेची एकच खूण: लोड होताना ‘सिंगलटन व्हेरिएबल्स’ अशी सूचना येते, कारण _म आणि _फ ही नावं आपापल्या वाक्यात एकेकदाच आली. (देवनागरीतल्या अंडरस्कोरवाल्या नावांनाही एसडब्ल्यूआय ही सूचना देतं. सूचना नकोच असेल तर नुसता अंडरस्कोर वापरावा किंवा नावाआधी दोन अंडरस्कोर द्यावेत.) सूचना म्हणजे एरर नाही, म्हणून तिच्याकडे काणाडोळा करायची सवय लागते. कृपया ती लावून घेऊ नका. माझ्या मते प्रोलॉगमधली ही सर्वांत उपयोगी सूचना आहे. नावातली टायपिंगची चूक, विसरलेली अट, मधेच पडलेला पूर्णविराम, तिन्ही तिच्यात सापडतात.

जोडणारं चिन्ह सापडत नाही, त्याची बाकीची कारणं

‘ऑपरेटर एक्स्पेक्टेड’ आलं, पूर्णविराम तर सगळे जागेवर आहेत. मग त्याच तुकड्यात दोन टर्म्स कुठे चिकटल्या ते शोधायचं.

अटींमधला स्वल्पविराम राहिला असेल, हे उघड कारण. त्यापेक्षा न दिसणारं कारण म्हणजे नाव आणि कंस यांच्यातली मोकळी जागा:

दुवा (क, ख).

प्रेडिकेटचं नाव आणि उघडणारा कंस यांच्यात जागा चालत नाही. जागा पडली की ‘दुवा’ हा एक ॲटम झाला आणि कंसातला मजकूर ही दुसरी टर्म. इतर भाषांमध्ये ही जागा सोडणं फक्त आवडीचा भाग असतो, प्रोलॉगमध्ये तिने अर्थ बदलतो. \+ या नकाराच्या चिन्हाबाबत तर बरोबर उलटं आहे. दोन अटींचा मिळून नकार हवा असेल तर \+ (क, ख) असं, जागा सोडूनच लिहावं लागतं. जागा न सोडता \+(क, ख) लिहिलं तर दोन आर्ग्युमेंट्स (कंसात दिलेल्या बाबी) असलेलं प्रेडिकेट शोधलं जातं आणि ते अस्तित्वातच नसल्याची तक्रार येते. कंसच दिले नाहीत तर नकार फक्त पहिल्या अटीला लागतो आणि कोणीही तक्रार करत नाही.

तुलनेची चिन्हं हा दुसरा मोठा गट. ‘लहान किंवा समान’ प्रोलॉगमध्ये =< असं लिहितात, <= असं नाही. दुसरं चिन्ह मुळात ऑपरेटर म्हणून नोंदलेलंच नाही, म्हणून पुन्हा तोच संदेश. ‘मोठं किंवा समान’ मात्र >= असंच. ते उलटं करून => लिहिलं तर एसडब्ल्यूआयच्या नव्या आवृत्त्यांत वेगळाच संदेश येतो, कारण तिथे => हे रूल लिहिण्याचं चिन्ह झालं आहे आणि त्याची प्रायॉरिटी :- इतकीच आहे. रूलच्या शरीरात ते आलं की ‘प्रायॉरिटी क्लॅश’. ‘समान नाही’ यासाठी != हे चिन्ह नाहीच. दोन टर्म्स जुळू शकत नाहीत असं म्हणायचं तर \=, दोन्ही तंतोतंत एक नाहीत असं म्हणायचं तर \==, आणि आकड्यांची किंमत वेगळी आहे असं म्हणायचं तर =\=. तिन्हींचा अर्थ वेगळा आहे. एररपासून सुटका म्हणून हाताला येईल ते बसवू नका.

तिसरा गट मला स्वतःला रंजक वाटतो: चिन्हं एकमेकांना चिकटतात. प्रोलॉगमध्ये +, -, *, /, \, =, <, >, :, . यांसारखी चिन्हं सलग आली की त्यांचा मिळून एकच शब्द होतो, जशी अक्षरं सलग आली की एक शब्द होतो तसाच.

_क=-_ख

इथे = आणि - वेगळे वाचले जात नाहीत, =- असा एक अनोळखी शब्द बनतो. तसंच:

रिकामं_नाही(_य):-\+रिकामं(_य).

इथे :-\+ हा एक शब्द होतो. डोळ्यांना अगदी बरोबर दिसणारी ओळ, आणि एरर. उपाय साधा आहे, चिन्हांच्या दोन्ही बाजूंना जागा सोडा. _क = -_ख असं लिहिलं की झालं. हीच गोष्ट पूर्णविरामालाही लागू पडते: वाक्याचा शेवट एखाद्या चिन्हाने होत असेल आणि टिंब त्याला बिलगलं असेल, तर टिंब त्या चिन्हातच मिसळतं आणि वाक्य संपतच नाही.

:- लिहिताना बोट घसरून ;- पडलं तर? अर्धविराम शेजारच्या चिन्हांना चिकटत नाही. त्यामुळे ‘हे किंवा उणे ते’ अशी एक वैध टर्म बनते आणि अर्धविरामाच्या नावाने ‘नो परमिशन’चा संदेश येतो. स्वल्पविरामाच्या वेळी आला होता तसाच. कंसातलं चिन्ह कोणतं आहे ते नीट बघितलं की दोन्हींतला फरक कळतो.

प्रायॉरिटी क्लॅश नीट समजून घ्यायचा तर

प्रत्येक ऑपरेटरला ० ते १२०० मधला एक आकडा असतो. आकडा जितका मोठा तितकी पकड सैल, म्हणजे तो ऑपरेटर रचनेत तितका वर बसतो. :- आणि --> यांचा १२००, अर्धविरामाचा ११००, -> चा १०५०, स्वल्पविरामाचा १०००, \+ चा ९००, तुलनेच्या चिन्हांचा आणि ‘इज’चा (गणिताची किंमत काढणाऱ्या ऑपरेटरचा) ७००, बेरीज-वजाबाकीचा ५००, गुणाकार-भागाकाराचा ४००. हे आकडे १९९५ च्या आयएसओ प्रमाणात आहेत, त्यामुळे एसडब्ल्यूआय, जीएनयू, सिक्स्टस असं काहीही वापरत असलात तरी एवढा भाग सारखाच. पाठ करायची गरज नाही, पण :- पासून ‘इज’पर्यंतचा क्रम डोक्यात असावा.

आकड्याबरोबर प्रकारही असतो. तुलनेची चिन्हं ‘एक्सएफएक्स’ प्रकारची आहेत, म्हणजे दोन्ही बाजूंना स्वतःपेक्षा लहान आकड्याचीच रचना चालते. म्हणून गणितात लिहितो तसं

_क < _ख < _ग

हे प्रोलॉगमध्ये बसत नाही. दोन वेगळ्या तुलना करून मधे स्वल्पविराम द्यावा लागतो. अधिक आणि उणे ‘वायएफएक्स’ प्रकारचे, म्हणून त्यांची साखळी चालते.

-> (‘तर’) आणि अर्धविराम (‘नाहीतर’) एकत्र येतात तिथे तर एररची वाटही पाहू नका, कंस देऊनच लिहा:

प्रकार(_क, _उ) :-
    लहान(_क) -> _उ = छोटा ; _उ = मोठा,
    नोंद(_क, _उ).

लिहिणाऱ्याच्या मनात ‘नोंद’ दोन्ही बाबतीत व्हायची आहे. पण स्वल्पविरामाची पकड अर्धविरामापेक्षा घट्ट, म्हणून ‘नोंद’ फक्त शेवटच्या फांदीला जोडली गेली. ‘लहान’ खरं ठरलं तर नोंद होणारच नाही. बरोबर असं:

प्रकार(_क, _उ) :-
    (   लहान(_क)
    ->  _उ = छोटा
    ;   _उ = मोठा
    ),
    नोंद(_क, _उ).

ही मांडणी नुसती सुंदर दिसावी म्हणून नाही. अर्धविराम ओळीच्या शेवटी ठेवला तर तो स्वल्पविरामासारखा दिसतो आणि नजरेतून निसटतो, ओळीच्या सुरुवातीला ठेवला तर निसटत नाही.

एखादा अख्खा रूल आर्ग्युमेंट म्हणून द्यायचा असेल, उदाहरणार्थ चालू प्रोग्रॅममध्ये नवा रूल घालताना, तर त्याभोवती कंसाची आणखी एक जोडी द्या. आर्ग्युमेंटमध्ये ९९९ पर्यंतच्याच आकड्याची रचना चालते असा प्रमाणाचा नियम आहे. एसडब्ल्यूआय इथे सैल सोडतं, जीएनयू प्रोलॉग सोडत नाही. शिवाय रूलच्या शरीरात स्वल्पविराम असेल तर कंसांवाचून तो आर्ग्युमेंट्स वेगळे करणारा स्वल्पविराम ठरतो. दुहेरी कंस सगळीकडे चालतात.

स्वतःचे ऑपरेटर ‘ओपी’ या प्रेडिकेटने जाहीर केले असतील तर ती घोषणा पहिल्या वापराच्या आधी यायला हवी. फाइल वरून खाली वाचली जाते आणि वाचतानाच ऑपरेटर ठाऊक असावा लागतो. घोषणा दुसऱ्या मॉड्यूलमध्ये असेल तर त्या मॉड्यूलने तो ऑपरेटर निर्यात केलेला आहे का ते बघा. घरच्या फाइलमध्ये चालणारं वाक्य दुसऱ्या फाइलमध्ये एरर देतं तेव्हा बहुधा हेच कारण निघतं.

कंस आणि अवतरणं

‘इल्लिगल स्टार्ट ऑफ टर्म’ म्हणजे जिथे नवी टर्म सुरू व्हायला हवी होती तिथे भलतंच काही आलं. बहुतेक वेळा स्वल्पविरामाच्या लगेच पुढे बंद होणारा कंस असतो, [क, ख, ] असा, किंवा गोल कंस उघडून चौकटी कंसाने बंद केलेला असतो. यादीतली उभी रेघ एकदाच येते आणि तिच्यामागे नेमकी एक टर्म असते: [_पहिला|_उरलेले]. रूलची शेवटची अट खोडली आणि तिच्या आधीचा स्वल्पविराम तसाच राहिला, तरी असाच किंवा ‘अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ क्लॉज’ असा संदेश येतो. अटी वरखाली हलवताना हे वारंवार घडतं.

अवतरणांचं दुखणं वेगळं. एकेरी अवतरण उघडून बंद केलं नाही, तर पुढचा मजकूर, त्यातले पूर्णविरामही, त्याच्या पोटात जातो. ‘एंड ऑफ फाइल इन कोटेड’ असे शब्द दिसले तर ओळक्रमांक बाजूला ठेवा आणि एडिटरच्या रंगांकडे बघा. जिथून पुढचा सगळा मजकूर एकाच रंगाचा झाला आहे, तिथे चूक आहे. /* ने उघडलेली टिप्पणी बंद न केल्यावरही असंच दिसतं. एकेरी अवतरणाच्या आत तेच चिन्ह हवं असेल तर ते दोनदा लिहावं: 'क''ख'. आणि अवतरणात बॅकस्लॅश आला की प्रोलॉग त्याला एस्केप, म्हणजे पुढच्या अक्षराला खास अर्थ देणारी खूण, समजतं. फाइलचा मार्ग लिहिताना यानेच घात होतो. मार्गात साधी तिरकी रेघ / वापरा, ती विंडोजवरही चालते.

वर्ड प्रोसेसर, पीडीएफ किंवा चॅटमधून उतरवलेला कोड हे स्वतंत्र प्रकरण आहे. तिथे सरळ अवतरणांची वळणदार अवतरणं झालेली असतात, वजाचिन्हाच्या जागी लांब रेघ आलेली असते, म्हणजे :- मधला दुसरा भाग प्रत्यक्षात वजाचिन्ह नसतोच. कधी मजकुरात न दिसणारी अक्षरंही येतात. देवनागरी नावांमध्ये तर जोडाक्षरांसाठी वापरली जाणारी अदृश्य जोडअक्षरं येऊ शकतात आणि मग डोळ्यांना सारखी दिसणारी दोन नावं प्रोलॉगला वेगळी वाटतात. अशा वेळी ओळ दुरुस्त करत बसण्यापेक्षा ती पूर्ण पुसून, कॉपी न करता, हाताने टाइप करणं हा सर्वांत जलद उपाय.

चूक फाइलमध्ये नसतेच तेव्हा

?- या प्रॉम्प्टवर प्रश्न टाइप केला, एंटर दाबलं आणि उत्तराऐवजी नुसती उभी रेघ आली, तर प्रोलॉग अडकलेलं नाही, पूर्णविरामाची वाट पाहतं आहे. टिंब देऊन एंटर दाबा. त्याच प्रॉम्प्टवर रूल टाइप केला तर :- नावाचं प्रेडिकेट नसल्याचा संदेश येतो, आणि फॅक्ट टाइप केलं तर तो प्रश्न समजला जातो. रूल आणि फॅक्ट्स फाइलमध्ये लिहायचे, प्रॉम्प्टवर फक्त विचारायचं. तिथेच चटकन काही घालायचं असेल तर चौकटी कंसात ‘युजर’ हा शब्द रोमन अक्षरांत लिहून पूर्णविराम द्या, क्लॉज टाइप करा आणि कंट्रोल-डीने बाहेर या. फाइलच्या नावाच्या सुरुवातीला मोठं अक्षर किंवा नावात आडवी रेघ वा मोकळी जागा असेल तर लोड करताना नाव एकेरी अवतरणात हवं. नाहीतर मोठ्या अक्षराने सुरू होणारं नाव व्हेरिएबल ठरतं आणि आडवी रेघ वजाबाकी.

एवढं करूनही सापडत नसेल

सगळ्यांत वरची पहिली एरर घ्या, ती एकच दुरुस्त करा आणि फाइल पुन्हा लोड करा. खालच्या एरर वाचूच नका. एक तुकडा टाकून दिल्यावर त्यात असलेलं प्रेडिकेट दिसेनासं होतं आणि त्याला हाक मारणाऱ्या प्रत्येक ठिकाणी ‘अननोन प्रोसीजर’ येत राहतं. पहिली चूक गेली की त्यातल्या बऱ्याच आपोआप जातात.

पहिली एररही कळत नसेल तर फाइल अर्धी करा. एसडब्ल्यूआयमध्ये ‘एंड ऑफ फाइल’ हे तीन शब्द रोमन लहान अक्षरांत, अंडरस्कोरने जोडून, पुढे पूर्णविराम देऊन स्वतंत्र ओळीवर लिहिले की वाचन तिथेच थांबतं. ही ओळ फाइलच्या मध्यावर ठेवा. एरर राहिली तर चूक वरच्या अर्ध्यात, गेली तर खालच्या. मग त्या अर्ध्याचा अर्धा. मोठी फाइलही थोड्याच फेऱ्यांत एका क्लॉजवर येते. ओळ दोन क्लॉजच्या मधेच ठेवा, क्लॉजच्या पोटात नको. टिप्पणीच्या खुणांनी अर्धा भाग झाकण्यापेक्षा हे बरं, कारण आत आधीच एखादी /* */ टिप्पणी असेल तर बाहेरची टिप्पणी तिच्या शेवटालाच संपते.

क्लॉज सापडला, एरर नाही, पण तो वागतो मात्र वेगळाच, असं असेल तर ‘राइट कॅनॉनिकल’ला ती टर्म द्या. ते सगळे ऑपरेटर साध्या नाव-आणि-कंस स्वरूपात छापतं, त्यामुळे प्रोलॉगने कोणती गोष्ट कोणाच्या आत बसवली ते उघड दिसतं. वरच्या ‘नोंद’च्या उदाहरणावर हे करून बघा, अर्धविरामाच्या कंसात ‘नोंद’ कुठे जाऊन बसली ते लगेच कळेल.

आणि दुसऱ्या कोणाला दाखवायची वेळ आली तर एररवाली एकटी ओळ पाठवू नका. तिच्या आधीचा पूर्ण क्लॉज, ती ओळ ज्या क्लॉजमध्ये आहे तो आणि नंतरचा क्लॉज, संदेश जसाच्या तसा, आणि कोणतं प्रोलॉग, कोणती आवृत्ती, एवढं द्या. मजकूर चित्र म्हणून न पाठवता अक्षरांत पाठवा. चित्रात :- मधली वजाची रेघ आणि वर्ड प्रोसेसरची लांब रेघ वेगळी ओळखता येत नाही, आणि अदृश्य अक्षरं तर चित्रात येतच नाहीत.